केर कोणाचा, हात कोणाचे?

दिवाळीत दारात, तुळशीपाशी, गोठ्यात पणत्या लावून झाल्या की एक पणती उकिरड्यावरही ठेवायची, अशी रीत महाराष्ट्राच्या अनेक गावांत होती. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी हळदकुंकू लावून पुजायची आणि पाडव्याच्या पहाटे घरातला केर सुपात भरून, बळीचे राज्य येवो अशी इच्छा बोलत, बाहेर नेऊन टाकायचा, ही रीत तर अजूनही काही घरांत टिकून आहे. केरसुणी लक्ष्मी आणि उकिरडा दिव्याचा मानकरी! शेतकऱ्याच्या दृष्टीने यात नवल काहीच नव्हते. उकिरड्यात कुजत पडलेला केर म्हणजे पुढच्या पावसाळ्यातले खत, आणि खत म्हणजे घरातले धान्य. उकिरड्याचीही दैना बारा वर्षांनी फिटते ही म्हण त्याच अनुभवातून आलेली आहे.

अलीकडे ‘पर्यावरणस्नेही घर’ या विषयावर बोलताना या जुन्या घराचा दाखला हमखास दिला जातो. आजीच्या घरात काही वाया जात नव्हते, प्लास्टिक नव्हते, कचऱ्याचा डबाच नव्हता. हे म्हणणे खोटे नाही, पण अर्धे आहे. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला त्यात एक प्रश्न विचारायचा राहून गेलेला दिसतो. घरातून बाहेर पडणारी प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी हाताने बाहेर पडत होती. ते हात कोणाचे होते? या एका प्रश्नाचा माग काढत गेले, तेव्हा मुंबई, इंदूर, कणकवली, देहू आणि पुणे या पाच ठिकाणांना जोडणारी एक वाट दिसली. तीच या लेखात मांडते आहे.

जुन्या घराचा हिशेब

प्रथम जे चांगले होते ते नोंदवू. चुलीतली राख भांडी घासायला, दात घासायला आणि कडधान्याला कीड लागू नये म्हणून त्यात मिसळायला. शेण सारवणाला, गोवऱ्यांना आणि खताला. जुनेराची आधी गोधडी, गोधडी विरली की बाळाची दुपटी, मग पायपुसणे, मग चुलीपुढचे फडके. त्यातूनही बरे कपडे उरले तर बोहारीण दारात येऊन बसे आणि दोन लुगड्यांवर एक पातेले की तीन लुगड्यांवर, यावर तासभर घासाघीस चाले. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा वर्षातून दोनदा फेरी मारी. भांडे फुटले तरी मोडीत त्याची किंमत येई. थोडक्यात, घराबाहेर जाणाऱ्या वस्तूला घेणारा कोणीतरी ठरलेला होता. म्हणून ती वस्तू ‘कचरा’ होत नसे.

आता हिशेबाची दुसरी बाजू. राख, शेण, चिंध्या यांच्यावरचे काम बाईचे. माझे आजोळ कणकवलीच्या परिसरातले. तिथल्या माझ्या आजीच्या दिवसाचा हिशेब मी एकदा तिच्याकडूनच मांडून घेतला होता. शेण गोळा करणे, शेणी थापणे, सारवणे, जळण आणणे, चूल फुंकणे आणि राखेने भांडी घासणे यांतच तिचा निम्मा दिवस जाई. चुलीचा धूर आयुष्यभर डोळ्यांत आणि छातीत. काटकसर घराची होती, पण ती तिच्या अंगावर चालत होती.

आणि या हिशेबात एक तिसरे पान आहे, जे सहसा उघडले जात नाही. घरातला मैला आणि गोठ्यातले मेलेले जनावर यांचे काय होत होते? गावात लोक शेतात, नदीकाठी जात. मेलेले ढोर ओढून नेणे हे महार समाजावर लादलेले काम होते. त्या जनावराचे कातडे, हाडे, शिंगे या सगळ्यांचा उपयोग होई, म्हणजे आजच्या भाषेत ‘शून्य कचरा’. पण ज्या हातांनी ते होई, त्या हातांचा स्पर्श गावाला चालत नसे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढण्याचे आणि मृत मांस खाण्याचे सोडून देण्याचे आवाहन केले, तेव्हा ते या व्यवस्थेच्या मुळावरच बोट ठेवत होते. गावाची कोणतीही ‘काटकसर’ त्या अपमानाची भरपाई करू शकत नव्हती.

शहर आणि सोनखत

गावातली व्यवस्था शहरात आली, तेव्हा तिचे हे तिसरे पान ठळक झाले. पुण्यामुंबईच्या वाड्यांत आणि चाळींत टोपलीचे संडास असत. मागच्या अरुंद बोळातून सफाई कामगार येई, टोपली रिकामी करी आणि मैला डोक्यावरून वाहून नेई. घरातल्या माणसांना तो दिसू नये अशीच त्या बोळांची रचना होती. मुंबईच्या जुन्या इमारतींमधल्या घरगल्ल्या आजही त्याची साक्ष देतात.

हा मैला वाया जात नव्हता, हे इथे आवर्जून सांगायला हवे. पुण्याच्या नगरपालिकेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्यात राख आणि केर मिसळून, तो वाळवून त्याचे सोनखत तयार केले. सुरुवातीला शेतकरी त्याला हात लावीनात. मग मुठा कालव्याच्या पाण्यावर उसाची शेती वाढली, उसाला खत कमी पडू लागले आणि तेच शेतकरी सोनखतासाठी पैसे मोजू लागले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय शेतीवरील आपल्या अहवालात जॉन व्होल्कर या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने पुण्याच्या या खताची दखल घेतली आहे.

म्हणजे शेतकऱ्याचा विटाळ बाजाराने घालवला. खत विकत घेणाऱ्याला त्याची शिसारी उरली नाही. पण टोपली उचलणाऱ्याच्या वाट्याला काय आले? वस्तूची अस्पृश्यता गेली, माणसाची राहिली. आमच्या या शहराने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ‘कचऱ्यातून संपत्ती’ काढून दाखवली होती, पण त्या संपत्तीने कोणाच्या डोक्यावरची टोपली उतरवली नाही.

माटुंग्याचा वायू

त्याच काळात मुंबईत आणखी एक गोष्ट घडत होती. महापालिका आयुक्त एच. ए. ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली माटुंग्याला निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू झाला. वडाळ्याचे आजचे ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. या आश्रमाच्या मैलापाण्यावर महापालिकेचे मलनिःसारण अभियंता सी. सी. जेम्स यांनी प्रयोग केले. बंद टाकीत मैला कुजवला, त्यातून निघणारा वायू साठवला आणि १८९७ च्या सुमारास त्या वायूवर इंजिन चालवून दाखवले. मैल्यापासून वायू मिळवून तो कामाला लावण्याचा जगातल्या सुरुवातीच्या प्रयोगांत माटुंग्याचे नाव घेतले जाते.

ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुंबईत प्लेग येऊन एक वर्ष झाले होते. घाणीच्या भीतीने सरकार घरे धुवत, जाळत, पाडत होते. आणि त्याच शहराच्या एका कोपऱ्यात, हाताने न उचलता मैल्याची विल्हेवाट लावता येते आणि वर इंधन मिळते, हे सिद्ध झाले होते. मग हे तंत्र घरापर्यंत यायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षे का लागली?

पैसा आणि जागा ही कारणे आहेतच. पण मला दिसणारे मुख्य कारण निराळे आहे. ज्या समाजात टोपली उचलायला माणूस जन्मानेच नेमलेला आहे, त्या समाजाला टाकीची निकड भासत नाही. स्वस्त हात उपलब्ध असतील तर यंत्र महागच वाटते. जातीने आपल्याकडे केवळ माणसे अडवली नाहीत, तंत्रेही अडवली.

इंदूरची पद्धत, रत्नागिरीचा तुरुंग

पुढचा टप्पा इंदूरचा. १९२४ साली तिथे वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, मूत्रमाती आणि राख यांचे थर लावून, ते ठराविक दिवसांनी खालीवर करून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ साली दोघांच्या नावाने तिच्यावरचे पुस्तक निघाले. आज गच्चीवरच्या बागेसाठी जे ‘कंपोस्ट’ केले जाते त्याची शास्त्रीय आखणी बव्हंशी या इंदूर पद्धतीतून आलेली आहे. हॉवर्ड स्वतः सांगत की आपण हे पुष्कळसे इथल्या आणि चीनच्या शेतकऱ्यांकडून शिकलो.

इंदूर पद्धतीने एक गोष्ट पक्की केली. कुजणे आणि सडणे यांत फरक आहे. ओल्या पदार्थाला पुरेसा कोरडा पाला आणि हवा मिळाली की तो कुजतो, त्याला मातीचा वास येतो. हवा कोंडली, ओल जास्त झाली की तो सडतो आणि दुर्गंधी सुटते. म्हणजे घाण हा वस्तूचा जन्मजात गुण नाही. ती कशात मिसळली आणि तिला किती वेळ दिला यावर ते ठरते. हे शेतीशास्त्र झाले. त्याचा समाजशास्त्रीय अर्थ ज्याने ओळखला, तो माणूस कोकणातला होता.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन. जन्म १८९४, मृत्यू १९७१. कोकणचे गांधी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात राजकैदी होते. तुरुंगातले संडास साफ करण्याचे काम ठराविक जातीच्या कैद्यांनाच दिले जाई. अप्पासाहेबांनी ते काम स्वतःसाठी मागितले. ब्राह्मण कैद्याला ते देता येणार नाही, असे उत्तर आले. त्यावर त्यांनी उपोषण आरंभले. येरवड्याला असलेल्या गांधीजींनीही डिसेंबर १९३२ मध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला आणि सरकारला या प्रश्नाचा विचार करणे भाग पडले. संडास साफ करण्याच्या हक्कासाठी केलेले हे उपोषण आज वाचताना विचित्र वाटते, पण त्यामागचा युक्तिवाद सरळ होता. काम सर्वांचे झाले तर ते कोणा एका जातीचे उरणार नाही.

या युक्तिवादावर डॉ. आंबेडकरांचा आक्षेप तितकाच सरळ होता. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी भंगीकामाच्या गौरवावर कठोर टीका केली. ज्यांच्यावर ते काम पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले, त्यांना ‘हे काम पवित्र आहे’ असे सांगणे म्हणजे त्यांनी तेच करत राहावे असे सांगणे होय, हा त्याचा आशय. एका सुशिक्षित ब्राह्मणाने चार महिने झाडू हातात धरल्याने झाडू धरण्यावाचून पर्याय नसलेल्या माणसाची सुटका होत नाही.

मला या दोघांपैकी एकाला बाद करून दुसऱ्याला उभे करायचे नाही. पण कसोटी मात्र आंबेडकरांची लावायला हवी, कारण ती निकालाची कसोटी आहे: हात बदलले का, आणि ते काम मुळात उरले का? अप्पासाहेबांचे मोठेपण मला त्यांच्या उपोषणापेक्षा पुढे त्यांनी जे बांधले त्यात दिसते. त्या कसोटीला उतरते ते तेच.

गोपुरीचे दोन खड्डे

१९४८ साली अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रम सुरू केला. तिथे मेलेल्या जनावरांचे कातडे सोलण्याचे आणि कमावण्याचे काम त्यांनी स्वतः केले, इतरांना शिकवले. आणि संडासावर प्रयोग केले. ‘गोपुरी संडास’ आणि ‘सोपा संडास’ ही नावे त्यातून रूढ झाली. मूळ कल्पना अगदी साधी. एक खड्डा वापरात, दुसरा विश्रांतीत. वापरानंतर वरून माती, पालापाचोळा टाकायचा. खड्डा भरला की झाकून ठेवायचा आणि दुसरा वापरायला घ्यायचा. काही महिन्यांनी पहिला उघडला की आत मैला नसतो, खत असते. ते घरच्या माणसाने फावड्याने काढून माडाच्या बुंध्याशी घालावे.

या साध्या कल्पनेत फार मोठी गोष्ट आहे. टोपलीच्या संडासात ताजा मैला रोजच्या रोज उचलावा लागे, म्हणून रोज उचलणारा माणूस लागे. गोपुरीच्या रचनेने मैला आणि माणसाचा हात यांच्या मध्ये काही महिने ठेवले. त्या महिन्यांत निसर्गाने आपले काम केले आणि जातीला काही काम उरले नाही. उपदेशाने जे होत नव्हते ते झाकणाने आणि पाल्याने केले. ‘भंगीमुक्ती’ हा शब्द तोवर भाषणांत होता, तो इथे विटा-मातीत आला.

सरकारी पातळीवर याच सुमारास हालचाल सुरू झाली होती. मुंबई सरकारने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहणे बंद करावे, हे तिच्या अहवालाचे सूत्र होते. पण हाताने मैला साफ करून घेण्याविरुद्धचा केंद्रीय कायदा व्हायला १९९३ उजाडले आणि तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली नवा करावा लागला. गटारात उतरून मरणाऱ्या कामगारांच्या बातम्या त्यानंतरही थांबलेल्या नाहीत. या संथपणाशी तुलना केली की गोपुरीच्या दोन खड्ड्यांचे मोल कळते.

देहूचे डॉक्टर

अप्पासाहेबांचा धागा पुढे नेला तो डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी. १९६० च्या सुमारास ते देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तुकोबांच्या गावात तेव्हा संडास जवळपास नव्हतेच. जंत, हगवण, कावीळ यांचे रुग्ण औषध घेऊन जात आणि पुन्हा तेच दुखणे घेऊन परत येत. डॉक्टरांनी लोकांच्या मागे लागून काही संडास बांधून घेतले, तर ते पावसाळ्यात ढासळले. लोकांचा विश्वास उडाला. मापुसकरांनी मात्र यावरून वेगळा धडा घेतला. डॉक्टरकीइतकेच त्यांनी खड्डा, माती, पाणी आणि जिवाणू यांचे शास्त्र शिकायला घेतले, आणि त्यासाठी ते अप्पासाहेबांकडे गेले.

पुढच्या काही दशकांत देहूत घरोघर संडास झाले. त्याच्या पुढचे पाऊल म्हणजे संडासाला जोडलेला जैववायू संयंत्राचा नमुना. त्याला त्यांनी नाव दिले ‘मलप्रभा’. मैला उताराने थेट टाकीत जातो, कोणाचा हात लागत नाही. हवाबंद टाकीत तो कुजतो, वायू नळीने स्वयंपाकघरात येतो आणि बाहेर पडणारी मळी खताला जाते. माटुंग्याला जे आश्रमाच्या पातळीवर साधले होते, ते इथे घराच्या पातळीवर आले.

अडचण तंत्राची कमी, मनाची जास्त होती. ‘त्या’ वायूवर शिजवलेले अन्न देवाला कसे चालेल? गेल्या शतकात उसाच्या शेतकऱ्याला पडलेला प्रश्न आता गृहिणीला पडला. उत्तरही तेच होते: ज्याने वापरून पाहिले त्याची शंका फिटली. ज्योत निळी असते, तिला वास नसतो, भांडे काळे होत नाही, आणि धूर नसल्याने डोळे चुरचुरत नाहीत. ज्या बाईचा निम्मा दिवस जळणात जात होता, तिला यापेक्षा मोठा युक्तिवाद लागत नव्हता. मापुसकर २०१५ साली गेले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

शेण नसलेल्या घरात

गोबर गॅसची वाट याला समांतर होती. स. वि. देसाई यांनी दिल्लीच्या शेतकी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास शेणापासून वायू काढण्याचे प्रयोग केले. जशभाई पटेल यांनी त्याचे घरगुती रूप बनवले, १९६० नंतर खादी ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेले आणि १९८१-८२ पासून त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. धूर कमी झाला, पण मर्यादाही उघड झाली. लहान कुटुंबाच्या संयंत्रालाही रोज पन्नासेक किलो शेण आणि तितकेच पाणी लागे. म्हणजे तीन-चार जनावरे, आणि पाणी वाहून शेण कालवणारे कोणीतरी. ते ‘कोणीतरी’ बहुतेक घरांत बाईच होती. ज्यांच्याकडे गोठा नव्हता, त्यांच्यासाठी तर ही योजना नव्हतीच.

पुण्याच्या आरती या संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी या अडचणीकडे उलटीकडून पाहिले. शेण म्हणजे गाईने सत्त्व काढून घेतल्यावर उरलेला चोथा. मग जिवाणूंना चोथा देण्याऐवजी सत्त्वच का देऊ नये? शिळा भात, भाकरी, किडके धान्य, पेंड असे पिठूळ पदार्थ दिले तर दोनेक किलोंत काम भागते आणि वायूही फार लवकर मिळतो. शेण फक्त सुरुवातीला, विरजणासारखे. प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या एकमेकींत बसवून केलेले हे संयंत्र शहरातल्या गच्चीवरही मावते. २००६ साली त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. १८९७ चा वायू अशा रीतीने एकविसाव्या शतकात बिनगोठ्याच्या घरात पोचला.

कोथरूड ते उरुळी

आता आजच्या शहराकडे येऊ. फ्लश आला आणि घरातल्या माणसाला मैला दिसेनासा झाला. कचऱ्याची गाडी आली आणि केरही दिसेनासा झाला. दिसेनासे होणे म्हणजे संपणे नव्हे. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला साठत गेला. पुण्याचा कचरा डेपो एके काळी कोथरूडला होता. कोथरूडची वस्ती वाढली, प्रतिष्ठित झाली आणि कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे गेला. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. उरुळीच्या विहिरी बिघडल्या, माश्या आणि दुर्गंधी घराघरांत शिरली आणि ग्रामस्थांना गाड्या अडवण्याची आंदोलने पुन्हापुन्हा करावी लागली. जुन्या वाड्याच्या मागचा बोळ आता वीस किलोमीटर लांब झाला, एवढाच फरक.

आणि हात? तेही फारसे बदलले नव्हते. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांमध्ये बहुसंख्य दलित स्त्रिया, त्यांतल्या अनेकजणी १९७२ च्या दुष्काळानंतर शहरात आलेल्या कुटुंबांतल्या. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. तिची पहिली मागणी पैशांची नव्हती, ओळखपत्राची होती. आम्ही चोर नाही, कामगार आहोत. ती महापालिकेने मान्य केली. २००८ साली याच स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. त्यांचा आग्रह एकच होता आणि आहे: ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करा. वेगळा आलेला कागद, काच, पत्रा हे विकण्याजोगे जिन्नस असतात. खरकट्यात मिसळून आला की तीच घाण होते आणि तिच्यात कोणाला तरी हात घालावा लागतो. हॉवर्ड-वाड यांचा सिद्धांत या बायका अनुभवाने सांगत आहेत. केंद्राच्या २००० आणि २०१६ च्या नियमांनीही वर्गीकरण बंधनकारक केले, पण नियमाच्या कितीतरी आधी हे त्यांना ठाऊक होते.

आमच्या सोसायटीत काही वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहाने खतप्रकल्प सुरू झाला. विटांचे हौद बांधले, फलक लागला, मिळकतकरातली सवलतही मिळाली. महिन्याभरात हौदाला दुर्गंधी सुटली, कारण काही घरांतून ओल्या कचऱ्यात पिशव्या, औषधांच्या पट्ट्या आणि बाळांचे डायपर येत होते. समितीने तोडगा काढला. झाडलोट करणाऱ्या ताईंनी रोज कचरा निवडून द्यावा. पगारात वाढ नाही, हातमोज्यांचा विषय नाही. ताईंनी दोन आठवडे ते केले आणि मग नकार दिला. बैठकीत कोणी म्हणाले, ‘या लोकांना कामच नको.’ मी विचारले, डायपर ज्यांच्या घरातून येतात त्यांची नावे फलकावर लावायची का? त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. पुढे ज्यांना पटले त्या अकरा घरांनी आपापल्या गॅलरीत बादल्या ठेवल्या. हौद अजून रिकामा आहे, बादल्या मात्र चालू आहेत.

या बादलीचे शास्त्र अवघड नाही. तळाला आणि बाजूंना भोके, एक भाग ओल्या केराला आकाराने दोन-तीन भाग सुका पाला किंवा लाकडाचा भुसा, मूठभर जुने खत विरजण म्हणून, आठवड्यातून एकदा खालीवर करणे आणि ओल पिळलेल्या फडक्याइतकी. वास आला तर पाला कमी पडला असे समजावे. दीड-दोन महिन्यांत केर ओळखू येत नाही. घरातल्या पुरुषाने आणि मुलांनी हे काम केले तर ‘कोणाचे हात’ या प्रश्नाचे उत्तर निदान एका बादलीपुरते बदलते. कारण बाईच्या दिवसात आणखी एक काम घालून घर पर्यावरणस्नेही होत असेल, तर आजीच्या हिशेबात आपण फक्त नवी ओळ लिहिली.

माटुंग्याची टाकी, इंदूरचा ढीग, गोपुरीचे खड्डे, देहूची मलप्रभा आणि कष्टकरी बायांचा ओल्या-सुक्याचा आग्रह यांतून मला एकच सूत्र दिसते. मिसळ टाळली आणि वेळ दिला तर घाण नाहीशी होते, आणि घाण नाहीशी झाली की तिच्यासाठी वेगळी माणसे ठेवावी लागत नाहीत. पुण्याच्या सोनखताने यातला पहिला अर्धा भागच साधला, म्हणून तो इतिहास अपुरा राहिला. आपल्या घरातली बांबूची ब्रशदांडी, कापडी पिशवी, काचेची बरणी या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत. पण घराची खरी परीक्षा दारातून काय आत येते यापेक्षा मागच्या दाराने काय बाहेर जाते आणि ते कोण उचलते, यावर व्हायला हवी.

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी शहरभर कचऱ्याचे डोंगर दिसतील. मिठाईची खोकी, फटाक्यांचे कागद, फुटक्या पणत्या, कोमेजलेली झेंडूची तोरणे, भेटवस्तूंची चकचकीत वेष्टने. तोरणातला दोरा काढून झेंडू बादलीत, खोकी चपटी करून कागदात, पणत्या धुऊन माळ्यावर, बाकीचे वेगळ्या पिशवीत. पंधरा मिनिटांचे काम आहे. ते आपण केले नाही, तर ते आपल्यासाठी कोणीतरी करणारच आहे, उघड्या हातांनी.